पन्नाशीला नोकरी सोडायची आहे, दसऱ्याला 21 लाखांची गाडी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. वय 37, अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात नोकरी, पत्नी शाळेत शिक्षिका, एक मुलगी. पाथर्डी फाट्याजवळ स्वतःचा फ्लॅट, गृहकर्ज फिटलेले. पीएफ धरून गुंतवणूक 58 लाख. घरखर्च महिना 50 हजार, बचत महिना 55 हजार. पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडायचा बेत आहे. दारात 2016 ची वॅगन आर आहे. 21 लाखांच्या एसयूव्हीसाठी 21 हजार भरून बुकिंग झाले आहे आणि दसऱ्याला डिलिव्हरी आहे. जुन्या गाडीचे 2 लाख, म्युच्युअल फंडातून 4 लाख आणि 15 लाखांचे कर्ज, सात वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी. शेवटी तुम्ही लिहिले आहे, "कंपनीच्या पार्किंगमध्ये आता माझीच गाडी छोटी राहिली आहे. मेहुण्याने मोठी घेतल्यापासून घरातही विषय निघतो. मन आवरत नाही, पण रात्री आकडेमोड केली की झोप येत नाही."

मी नाशिकमध्ये बरीच वर्षे आर्थिक नियोजनाचे काम करतो. लवकर निवृत्तीचे बेत माझ्यासमोर मांडले जातात, आणि त्यातले बरेचसे मोडतात ते शेअर बाजार पडल्यामुळे नाही, गाडीमुळे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते कोटेशन नीट वाचू, तुम्ही पाठवलेच आहे. एक्स-शोरूम 17,60,000. त्याच्या खाली आरटीओचा कर 2,11,200, कारण महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के लागतात. विमा 65,000. टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, 17,600, तो रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो, विसरू नका. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात वाढीव वॉरंटी, सीट कव्हर, मॅट, कोटिंग असे मिळून 46,200. एकूण 21 लाख. आता एक्स-शोरूमच्या आकड्यातच 40 टक्के जीएसटी दडलेला आहे, म्हणजे साधारण 5 लाख 3 हजार. आरटीओ कर आणि जीएसटी मिळून 7 लाखांच्या वर रक्कम गेली ती सरकारकडे. ती गाडीच्या पत्र्यात नाही, इंजिनात नाही आणि विकताना परत येणारही नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मोठ्या गाडीवर तो 40 टक्के आहे. पूर्वी जीएसटीवर लागणारा सेस, म्हणजे अधिभार, धरला तर मोठ्या गाडीवरचा करही उतरला आहे हे खरे, आणि शोरूममध्ये तुम्हाला तेच ऐकवले असणार. पण दोन गाड्यांच्या करातली दरी अजून केवढी आहे ते कोणी बोलत नाही.

शोरूममध्ये बसल्यावर 21 लाख हा आकडा कोणी उच्चारत नाही, हेही तुमच्या लक्षात आले असेल. "सर, महिन्याला फक्त साडेचोवीस हजार पडतील," असे म्हणतात. हप्ता बरोबर आहे, 24,500 च्या आसपास येतो. सात वर्षांत त्याचे साडेवीस लाखांवर होतात, म्हणजे व्याजच साडेपाच लाखांहून जास्त. पण तुमच्यासारख्या माणसासाठी व्याज हा मुख्य खर्च नाही. मुख्य खर्च हा की हे साडेचोवीस हजार येणार कुठून? पगार वाढलेला नाही, घरखर्च कमी होणार नाही. ते येणार त्या 55 हजारांतून. गाडी दारात आली त्या दिवसापासून तुमची बचत 30,500 वर येते.

पुढचे आकडे माझ्या गृहीतकांवर आहेत, ते आधी सांगतो: गुंतवणुकीवर वर्षाला 10 टक्के परतावा, महागाई 6 टक्के, आणि बचत दरवर्षी महागाईइतकी वाढवत नेणार. पत्नीची नोकरी पुढे चालू राहील की नाही हे तुमचे ठरलेले नाही, म्हणून पन्नाशीनंतर त्यांचे उत्पन्न मी धरलेले नाही. गाडीचा विषयच काढला नाही तर तेरा वर्षांनी तुमच्याकडे आजच्या किमतीत साधारण 2 कोटी 4 लाख जमतात. घरखर्च वर्षाला 6 लाख. लवकर निवृत्त होणाऱ्याने वार्षिक खर्चाच्या 33 पट रक्कम हाताशी ठेवावी असे मी सांगतो. 25 पट हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो 1994 साली विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागारांनी अमेरिकेतल्या बाजाराचा इतिहास तपासून मांडलेल्या हिशेबातून आला, आणि तोही तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्हाला चाळीस वर्षे काढायची आहेत आणि आपल्याकडे महागाईही जास्त आहे. 33 पटीने 1 कोटी 98 लाख लागतात. म्हणजे तुमचा बेत जमतोय, पण अगदी काठावर.

आता एसयूव्ही घ्या. फंडातून काढलेले 4 लाख आणि सात वर्षांचे हप्ते गुंतवले असते तर तेरा वर्षांनी त्यांचे साडेपासष्ट लाख झाले असते, आजच्या किमतीत 30 लाखांच्या वर. जमा होणारी रक्कम 2 कोटी 4 लाखांवरून 1 कोटी 73 लाखांवर येते. इथपर्यंतचा हिशेब बहुतेक लोक करतात. तुम्हीही रात्री तोच केला असेल.

त्याच्या पुढचा हिशेब सहसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. मोठी गाडी बचत तर खातेच, वर तुमचे लक्ष्यही वाढवते. वर्षाला 10 हजार किलोमीटर धरू. गावातल्या गर्दीत एसयूव्ही लिटरला 12 देईल, छोटी गाडी 20. पेट्रोल 105 रुपये धरले तर फरक वर्षाला 35 हजार. विम्याचा हप्ता दरवर्षी वीसएक हजारांनी जास्त. सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, टायर मिळून आणखी पंधरा हजार तरी. झाले 70 हजार. निवृत्तीनंतरही याच दर्जाची गाडी ठेवणार असाल, आणि एकदा मोठ्या गाडीची सवय लागली की सहसा कोणी खाली उतरत नाही, तर हे 70 हजार गुणिले 33. म्हणजे 23 लाख जास्तीचे जमवावे लागणार. लक्ष्य 1 कोटी 98 लाखांवरून 2 कोटी 21 लाखांवर गेले आणि जमणारी रक्कम 1 कोटी 73 लाखांवर आली. मधली दरी 48 लाखांची. ती तुमच्या वेगाने भरून काढायला साडेतीन वर्षे लागतील. त्यात बासष्टाव्या वर्षी पुन्हा मोठीच गाडी घ्यायची वेळ येईल, तो खर्च मी धरलेलाही नाही.

म्हणजे या गाडीची तुमच्यापुरती किंमत साडेतीन वर्षांची नोकरी आहे. पन्नासऐवजी साडेत्रेपन्न. हा आकडा पत्नीसमोर ठेवा आणि दोघांनी मिळून ठरवा. ज्याला खरोखर गाडी चालवण्याची आवड आहे, पहाटे उठून जो केवळ चालवण्याच्या आनंदासाठी भंडारदऱ्याला जाऊन येतो, त्याने साडेतीन वर्षे जास्त काम करून ती गाडी घेतली तर मी त्याला अडवणार नाही. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि असा माणूस मोल कळून ते देतो. पण तुमच्या पत्रात चालवण्याबद्दल एक ओळ नाही. पार्किंग आहे, मेहुणा आहे, घरातला विषय आहे. तुम्हाला गाडी हवी आहे असे मला वाटत नाही. गाडीवरून होणारी तुलना थांबायला हवी आहे. ती 21 लाखांनी थांबणार नाही, कारण पुढच्या पाडव्याला त्या पार्किंगमध्ये सव्वीस लाखांची गाडी येईल.

तरीही सध्याची वॅगन आर तशीच वापरत राहा असे मी म्हणणार नाही, आणि इथे काटकसर शिकवणाऱ्या अनेकांशी माझे पटत नाही. तुमच्या गाडीत एअरबॅग आहेत का ते आज बघा. आपल्याकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल 2019 पासून सक्तीचे झाले, चालकासाठीची एअरबॅग जुलै 2019 पासून, आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या गाड्यांना आल्या त्या जानेवारी 2022 च्या सुमारास. 2016 च्या बेसिक मॉडेलमध्ये यातले काहीच नसण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही मुलीला मागच्या सीटवर बसवून कसारा घाट उतरता, सिन्नरजवळून समृद्धीला लागून सासरी संभाजीनगरला जाता. समृद्धीवर गाड्या 120 च्या वेगाने जातात. अशा रस्त्यावर सुरक्षेत काटकसर करून लवकर निवृत्त होण्यात काही अर्थ नाही. म्हणून गाडी बदला. फक्त 21 लाखांची घेऊ नका.

माझा सल्ला: 2022 नंतर बनलेली, एका मालकाची, दोन-तीन वर्षे वापरलेली छोटी किंवा मध्यम गाडी, 7 लाखांच्या आसपास, कर्ज न काढता. जुन्या गाडीचे 2 लाख आणि फंडातून 5 लाख. फंड विकताना वर्षभरात सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो, त्याहून जास्तीच्या नफ्यावर साडेबारा टक्के लागतात, ते बघून विका. या मार्गाने तुमची तेरा वर्षांनंतरची रक्कम आजच्या किमतीत आठेक लाखांनी कमी होते, 1 कोटी 96 लाख. लक्ष्य जिथे होते तिथेच राहते. पन्नाशी हलत नाही, फार तर दोन-चार महिने इकडे-तिकडे.

वापरलेली गाडी का, तर घसाऱ्याची मोठी झळ पहिल्या मालकाने सोसलेली असते म्हणून. विमा कंपन्या ज्या तक्त्याने गाडीची विमित किंमत ठरवतात त्यात सहा महिन्यांच्या आत 5 टक्के, वर्ष होईपर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के किंमत उतरते. तीही एक्स-शोरूमवर. आरटीओचा कर, विमा, सीट कव्हर यांचे पैसे तर पहिल्याच दिवशी गेलेले असतात. बाजारात मागणी असलेल्या मॉडेलची किंमत यापेक्षा हळू उतरते, तरी दिशा तीच.

घेताना गाडी चकचकीत आहे की नाही हे शेवटी बघा. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागा, मीटर फिरवलेला असेल तर तिथे किलोमीटर उलटे जाताना दिसतात. विमा क्लेम झालेत का ते विचारा. दंडाची थकलेली चलने ऑनलाइन तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि नाव बदलण्याचे 29 व 30 नंबरचे फॉर्म त्याच दिवशी सह्या करून घ्या. नाशिकच्या एमएच 15 पासिंगचाच हट्ट धरू नका. महाराष्ट्रातली कुठलीही चालेल, कारण इथला कर एकदा भरलेला असतो. परराज्यातल्या गाडीच्या फंदात मात्र पडू नका. आणि टायर वाकून बघा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षे जुना टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर न्यायचा नाही. चार टायर बदलायला लागले तर तो खर्च किमतीतून कमी करून मागा. तुमच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याचे पैसे द्या, फुकट नेऊ नका. पैसे घेतलेला माणूस गाडीखाली नीट शिरून बघतो.

स्टार रेटिंगचाही विचार करा. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळवून तिच्या सुरक्षेला स्टार देणारी चाचणी, सुरू झाले आहे, आणि छोट्या गाड्यांतही चांगले स्टार मिळालेल्या गाड्या आहेत. मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे समीकरण मनातून काढून टाका.

"मग सगळे मिळून जायचे असेल तेव्हा काय?" हा तुमच्या घरातला प्रश्न मी गृहीत धरतो. दिवाळीला सासरी, एकदा वणीला, मेमध्ये कोकण, एखादे लग्न. वर्षाचे दहा दिवस. सात सीटची मोठी गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या. किलोमीटरला वीस रुपये आणि दिवसाला किमान 300 किलोमीटर धरले तरी दहा दिवसांचे 60 हजार होतात. तुमच्या अडीच हप्त्यांइतके. वडीलधारी माणसे मागे आरामात बसतील आणि तुम्हीही घाटात बाहेर बघू शकाल. मला हे तडजोड वाटत नाही, उलट जास्त चांगले वाटते.

2027 च्या सिंहस्थाला पाहुणे येणार, त्यासाठी मोठी गाडी लागेल, हे कारणही अलीकडे फार ऐकू येते. 2015 ला पर्वणीच्या दिवशी काय झाले होते ते आठवा. खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या होत्या आणि पुढे बस, नंतर पायी. पाथर्डी फाट्यावरून रामकुंडापर्यंत तुमची गाडी त्या दिवसांत जाणार नाही, पाच सीटची असो की सात.

आता मन आवरण्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच होता. निर्धार वगैरेवर माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा एक व्यवस्था करा. ज्या तारखेला हप्ता कापला गेला असता त्याच तारखेला 24,500 रुपये आपोआप वेगळ्या खात्यात जाऊ द्या, आवर्ती ठेव चालेल, लिक्विड फंड चालेल. हे त्या 55 हजारांतलेच पैसे, फक्त वर्षभर समोर दिसतील असे ठेवायचे. वर्षाने तिथे तीन लाखांच्या आसपास जमलेले असतील. तोपर्यंत एसयूव्हीची ओढ तशीच राहिली, तर तुमच्याकडे तीन लाख आहेत आणि निर्णय पुन्हा करता येतो. माझ्या अनुभवात वर्षभर वाट बघितलेल्या बहुतेकांनी ते पैसे शेवटी गुंतवणुकीतच टाकले. पैसे खात्यात वाढताना दिसायला लागले की त्यांचीही ओढ लागते. त्या वर्षात टेस्ट ड्राइव्हला जायचे नाही, "नुसते बघून येऊ" म्हणूनसुद्धा नाही. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणे बंद करा. आज तुम्ही पाच बघितले की उद्या समोर पन्नास येतात.

नातेवाइकांना लवकर निवृत्तीचा बेत सांगत बसू नका. त्यावर वाद होतात आणि प्रत्येक जण आपले मत देऊन जातो. "सध्या मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकतोय" एवढे म्हणा. ते खोटे नाही आणि आपल्याकडे त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. पत्नीशी मात्र हे सगळे आकडे उघड ठेवून बोला. घरात विषय निघतो असे लिहिलेत, पण त्यांना खरोखर मोठी गाडी हवी आहे की भावाच्या गाडीत बसताना काही बोलणे ऐकावे लागले, हे तुम्ही विचारलेले दिसत नाही. ती दोन वेगळी दुखणी आहेत आणि दुसऱ्यावर शोरूममध्ये औषध नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण गाडीपेक्षा तातडीची आहे. तुमच्या कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीचाच दिसतो. नोकरी सोडाल त्या दिवशी तो संपेल, आणि पन्नाशीत बीपी-शुगर निघाल्यावर नवी पॉलिसी महाग मिळेल किंवा मिळणारच नाही. स्वतःची कौटुंबिक पॉलिसी आताच घ्या. आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, तो नोकरीत असतानाच संपून जाईल. गाड्यांचा जीएसटी बदलला त्याच 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी पूर्ण उठला आहे. एसयूव्हीच्या एका हप्त्यात किंवा थोड्या जास्त पैशांत तुम्हा तिघांचे वर्षभराचे संरक्षण बसायला हवे.

राहिले बुकिंगचे 21 हजार. ते गेले तर गेले असे धरून गाडी घेऊ नका, आणि ते आधीच सोडूनही देऊ नका. बुकिंग फॉर्मच्या मागे रद्द करण्याच्या अटी छापलेल्या असतात, त्या वाचा. गाडीचे बिल तुमच्या नावावर निघण्याआधी रद्द केले तर रक्कम बहुधा परत मिळते, फार तर थोडे शुल्क कापतात. फोनवर सांगू नका, फोनवर नवी ऑफर येते आणि माणूस पुन्हा अडकतो. ईमेल करा, पावतीचा फोटो जोडा, खाते क्रमांक द्या आणि परतावा किती दिवसांत मिळेल ते लेखी मागा. कर्जाचा अर्ज मंजूर झाला असेल तर बँकेलाही त्याच दिवशी वेगळा ईमेल पाठवा, नाहीतर रक्कम थेट डीलरच्या खात्यात वर्ग होऊ शकते. दसऱ्याच्या आधीचे दोन आठवडे शोरूममध्ये बिले भराभर निघतात, म्हणून हे या आठवड्यातच करा.